मराठी नाव टाकलं की प्रोग्राम का अडतो? नेहमीच्या पाच प्रश्नांची उत्तरं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, फक्त पुनरुक्ती गाळली आहे.)



आज कुठलं नवीन फ्रेमवर्क नाही, कुठल्या नव्या टूलची ओळख नाही. आज तुमचे नेहमीचे प्रश्न घेऊन बसलोय. विचारणारे वेगवेगळे आहेत. कोणी पीएचपीत काम करतं, कोणी पायथॉनमध्ये, कोणी जावास्क्रिप्टमध्ये. पण हे पाचही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतात: इंग्रजी डेटा घातला की प्रोग्राम सुरळीत चालतो आणि मराठी नाव घातलं की अडतो.

मग टीममधलं कोणीतरी म्हणतं, "अरे, युजरला नाव इंग्रजीत टाकायला सांग ना. विषय संपला."

विषय संपत नाही. तो युजर म्हणजे मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरणारी आई असते, नाहीतर पतसंस्थेचा सभासद. त्यांच्या कागदांवर नाव मराठीत आहे. इंग्रजीत लिहायला लावलं की एकाच माणसाची तीन स्पेलिंगं तयार होतात. पुढे दोन कागद जुळत नाहीत आणि हेलपाटे तो माणूस घालतो, आपण नाही. म्हणून आज ठरवूया, की "मराठी चालत नाही" हे उत्तर द्यायचं नाही. कुठे अडलंय ते शोधायचं.

त्यासाठी आधी एकच गोष्ट पक्की करू. स्क्रीनवर दिसतं ते चित्र असतं. प्रोग्रामच्या हातात असतात आकडे. चित्र आणि आकडे यांच्यात तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली बाइट. त्याच्या वर युनिकोडचे कोड पॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक. आणि सगळ्यात वर आपण शाळेत मोजतो ते अक्षर. इंग्रजीत साध्या मजकुरासाठी या तिन्ही पायऱ्यांवर एकच आकडा येतो, म्हणून फरक लक्षातच येत नाही. मराठीत तिन्ही आकडे वेगळे येतात.

प्रश्न पहिला: स्ट्रिंगची लांबी चुकीची का येते?

'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. अक्षरं मोजा. ज्ञा, ने, श्व, र. चार. आता जावास्क्रिप्टमध्ये लेंग्थ विचारा, किंवा पायथॉन ३ मध्ये लेन. उत्तर येतं १०. कारण तिथे काना वेगळा, मात्रा वेगळी, आणि जोडाक्षरातली पाय मोडायची खूणसुद्धा वेगळी मोजली जाते. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. झाले दहा. आणि हेच नाव यूटीएफ-८ मध्ये साठवलं तर होतात ३० बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट घेतं.

तर लांबी चुकीची येत नाही. ४, १० आणि ३० ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. आपण कुठल्या पायरीवर उभं राहून विचारतोय, ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

मुलाखतीत विचारतात तो स्ट्रिंग उलटी करायचा प्रश्न इथे करून बघा. 'नवजीवन' उलटसुलट सारखंच आहे हे आपल्याला दिसतं: न, व, जी, व, न. प्रोग्राम मात्र ते उलटं केल्यावर 'नवीजवन' देतो आणि म्हणतो, सारखं नाही. ज ची वेलांटी उलटताना व ला जाऊन चिकटली. 'कणिक' उलटी केली तर 'किणक' होते. 'सरस' तेवढा पास होतो, कारण त्याला काना-मात्रा काहीच नाही.

उपाय काय? अक्षरं मोजायची असतील तर ग्राफीम क्लस्टर मोजणारी सोय वापरा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी इंटल डॉट सेगमेंटर आहे. पण एक खाचखळगा लक्षात ठेवा. जोडाक्षर तोडायचं नाही हा देवनागरीसाठीचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमाने 'ज्ञानेश्वर'चे ६ तुकडे पडतात, नव्या नियमाने ४. त्यामुळे तुमच्या ब्राउझरवर एक आकडा आणि जुन्या सर्व्हरवर दुसरा, असं होऊ शकतं. दोन्हीकडे एकदा चालवून बघा.

प्रश्न दुसरा: डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं का दिसतात?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आणि इथे घाई करायची नाही. डॉक्टर जशी आधी लक्षणं विचारतो, तसं आधी बघा, नेमकं काय दिसतंय.

साधी प्रश्नचिन्हं दिसत असतील, एकापुढे एक, तर बातमी वाईट आहे. वाटेत कुठेतरी मजकूर अशा कॅरेक्टर सेटमध्ये बदलला गेला, ज्यात देवनागरी नाहीच. ज्याला जागा नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं गेलं. मूळ अक्षरं गेली. ती परत मिळणार नाहीत, मूळ कागदावरून पुन्हा भरावी लागतील. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे कॉलम एनव्हारचार असतो, पण क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराच्या आधी मोठा 'एन' लावायचा राहतो. कॉलम बरोबर, तरी प्रश्नचिन्हं.

रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि त्यात डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान 'ए' दर तीन चिन्हांनी परत येतो, मधूनमधून जपानी येनचं चिन्हही दिसतं? मग बातमी बरी आहे. बाइट बहुतेक शाबूत आहेत, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट सारखाच असतो, म्हणून तो 'ए' परत परत येतो. यूटीएफ-८ लॅटिन-१ समजून वाचलं जातंय. कनेक्शनचा कॅरेक्टर सेट तपासा. आणि दुरुस्तीचा कुठलाही कन्व्हर्ट चालवण्याआधी बॅकअप घ्या. चुकीचा कन्व्हर्ट चालवला तर बरी बातमी वाईट होते.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसत असेल तर बाइट मधेच तुटलेत. तीन बाइटच्या चिन्हातले दोनच हाती आलेत. कुठे तरी बाइट मोजून मजकूर कापला जातोय. याकडे चौथ्या प्रश्नात येऊ.

रिकामे चौकोन दिसत असतील तर डेटा बहुधा ठीक आहे, फॉन्ट नाही. पीडीएफ रिपोर्टमध्ये हे फार होतं.

आणि पाचवं लक्षण खास आपल्याकडचं. जुन्या डीटीपी फाइलमधून यादी कॉपी केली आणि रोमन अक्षरांचा अर्थहीन गठ्ठा आला. तिथे एन्कोडिंग बिघडलेलं नसतं. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं ते काम असतं. आत रोमनचे क्रमांक, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी चित्रं काढतो. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. त्याला त्या त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्ट झाल्यावर माणसाने नावं डोळ्यांखालून घालावी लागतात.

दोन छोट्या गोष्टी. मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ८' लिहिलं तर ते ३ बाइटपर्यंतच जातं. मराठी त्यात बसतं, म्हणून सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि एक दिवस कोणी नावापुढे इमोजी टाकतं, जो ४ बाइटचा असतो. तिथे एरर येते, किंवा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तिथून पुढचा मजकूर गायब. 'यूटीएफ८एमबी४' वापरा. आवृत्ती ८ पासून तेच डिफॉल्ट आहे, पण जुने टेबल आपोआप बदलत नाहीत. आणि एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही देत असाल तर फाइलच्या सुरुवातीला बॉम, म्हणजे ती तीन बाइटची खूण घाला. नाहीतर फाइल बरोबर असूनही ऑफिसातले लोक फोन करतील, "तुमची यादी बिघडली आहे."

प्रश्न तिसरा: फॉर्म 'नाव अवैध आहे' असं का म्हणतो?

इथे बहुतेक वेळा कोणीतरी नावासाठी 'ए ते झेड' असा रेगेक्स लिहिलेला असतो. तो सापडला की आपण हुशारी करतो. म्हणतो, युनिकोडचं कुठलंही 'अक्षर' चालेल अशी अट घालू. टेस्ट करताना 'कमल' टाकतो. पास! कोड लाइव्ह जातो. मग 'विमल' येते आणि नापास होते.

झालं काय? युनिकोडच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही 'अक्षरं' नाहीतच, त्यांचा वर्ग वेगळा आहे, 'मार्क'. त्यामुळे नुसत्या अक्षरांना परवानगी दिली तर कमल, मदन, गगन एवढीच मंडळी आत येतात. राम बाहेर, सीता बाहेर. पायथॉनमध्ये 'इज-अल्फा' हेच करतं: कमलला हो, रामला नाही. तर अक्षर आणि मार्क, दोन्ही वर्ग घ्या. शिवाय स्पेस आणि टिंबही चालू द्या.

आणि थोडं मागे येऊन विचारा, नाव तपासायचंच कशाला? रिकामं नाही ना, अफाट लांब नाही ना, कंट्रोल कॅरेक्टर नाहीत ना, एवढं बघितलं की पुरे. माणसाला त्याचं नाव चूक आहे असं सांगायचा अधिकार आपल्या फॉर्मला कोणी दिला?

याच घरातला आकड्यांचा प्रश्न. कोणी वय '१२' असं देवनागरीत टाकलं तर? पायथॉनचं इंट ते मुकाट्याने १२ म्हणून घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर म्हणतं, हा आकडाच नाही. म्हणजे ब्राउझर अडवतो आणि सर्व्हर स्वीकारतो. रेगेक्समधली अंकाची खूणही तशीच: पायथॉन ३ मध्ये ती देवनागरी अंक धरते, जावास्क्रिप्टमध्ये धरत नाही. मजकूर आत येतानाच दहा अंकांची अदलाबदल करून टाका. दहा ओळींचं काम आहे.

प्रश्न चौथा: मजकूर मधेच का तुटतो, आणि एसएमएसचं बिल का वाढतं?

हे दोन प्रश्न वेगळे येतात, पण कारण एकच आहे. मर्यादा कुठल्या पायरीवर मोजली जाते?

ओरॅकलमध्ये व्हारचार२ ला ५० दिले, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ते ५० बाइट असतात. म्हणजे मराठीची १६ चिन्हं. 'ज्ञानेश्वर'ने त्यातली १० खाल्ली, आडनावाला उरली सहा, आणि त्यात मधली स्पेस. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल मात्र कोड पॉइंट मोजतात. म्हणून एका डेटाबेसवर चाललेला फॉर्म दुसऱ्यावर अडतो. ओरॅकलमध्ये कॉलम लिहितानाच 'चार' हा शब्द जोडा, म्हणजे ५० चा अर्थ ५० चिन्हं होईल. यादीत नाव छोटं करून दाखवायचं असेल तर अक्षराच्या सीमेवर कापा. नाहीतर 'ज्ञानेश्वर'चा 'ज्ञानेश्' होतो.

आता एसएमएस. साधा इंग्रजी मेसेज १६० चिन्हांचा. देवनागरीचं एक जरी चिन्ह आलं तरी सबंध मेसेजची पद्धत बदलते आणि मर्यादा ७० वर येते. मेसेज त्याहून लांब असेल तर प्रत्येक तुकड्यात ६७ बसतात, कारण तुकडे जोडायच्या माहितीलाही जागा लागते. आणि ही ७० चिन्हं म्हणजे कोड पॉइंट, शाळेतली अक्षरं नाहीत. काना-मात्रा सगळं मोजलं जातं.

यातली गंमत अशी, की रुपयाचं चिन्हही त्या साध्या यादीत नाही. पूर्ण इंग्रजी मेसेज, बरोबर १६० चिन्हांचा, त्यात एकच रुपयाचं चिन्ह. एकाचे तीन एसएमएस झाले. ज्यांचं बिल अचानक वाढलंय त्यांनी टेम्प्लेट उघडून हे आधी बघा. याचा अर्थ मराठीत पाठवू नका असा नाही, बरं का. ज्याला वाचता यावं म्हणून पाठवतोय, त्याला वाचता आलं पाहिजे. मजकूर आखडता घ्या, आणि हिशोब आधी करा.

प्रश्न पाचवा: नाव यादीत दिसतं, पण शोधलं तर सापडत का नाही?

हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण यात एरर येत नाही. प्रोग्राम शांतपणे म्हणतो, "नोंद सापडली नाही." आणि खिडकीपलीकडचा माणूस तेच वाक्य समोरच्याला सांगतो.

समजा आडनाव आहे 'कऱ्हाडे'. यातला तो अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि मग हलन्त. दोन, साधा र, मग हलन्त, आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. कुठल्या किबोर्डवरून टाइप केलं त्यावर आत काय गेलं ते ठरतं. फॉर्म एका पद्धतीने भरला, शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टाइप केलं, की कऱ्हाडे यादीत असून नसल्यासारखे. बऱ्हाटे, गोऱ्हे, वऱ्हाड, सगळ्यांची हीच गत.

दुसरी जोडी 'ॲ'ची. 'ॲड.' किंवा 'ॲना' लिहिताना पहिलं अक्षर दोन प्रकारे येतं. एक, अ वर चंद्र ठेवून, म्हणजे दोन कोड पॉइंट. दुसरं, सबंध 'ॲ' हा एकच कोड पॉइंट, जो युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचा डेटा अर्थातच पहिल्या पद्धतीचा. दिसायला जुळी भावंडं, प्रोग्रामच्या लेखी अनोळखी.

इथे जाणकार म्हणतात, "नॉर्मलाइज करा, एनएफसी लावा." लावाच. नुक्त्याचे फरक त्याने मिटतात. र आणि वेगळा नुक्ता असं लिहिलेलं असेल तर त्याचा एकच ऱ होतो. पण वरच्या दोन्ही जोड्या एनएफसीने एक होत नाहीत. युनिकोड त्यांना समान मानतच नाही. ते काम आपल्या हातानेच करावं लागतं.

मग कोणीतरी सुचवतं, "न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाका." थांबा! 'आचाऱ्यांना' हा शब्द जॉइनरवाल्या पद्धतीने लिहिलेला असेल आणि तुम्ही जॉइनर काढला, तर उरतं 'आचार्यांना'. स्वयंपाक करणारे आचारी एका क्षणात गुरुवर्य झाले. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून क्रम महत्त्वाचा.

क्रम असा. पहिलं, एनएफसी. दुसरं, र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याच्या जागी ऱ-हलन्त. तिसरं, अ आणि चंद्र दिसला की सबंध 'ॲ'. चौथं, आता उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढा, जादा स्पेस काढा. हे सगळं वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, त्याला 'शोधनाम' म्हणा हवं तर. शोधायला आलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करा आणि शोधनामाशी जुळवा. माणसाने लिहिलेलं मूळ नाव मात्र जसंच्या तसं राहू द्या. छापायचं ते तेच.

ऱ्हस्व-दीर्घाचे फरक, 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी', हे यात मिसळू नका. ती खरोखर वेगळी नावं असू शकतात. त्यांच्यासाठी 'जवळपासची नावं' अशी वेगळी यादी दाखवा, आणि निवड माणसाला करू द्या.

उद्या ऑफिसला गेल्यावर

एकच काम करा. तुमच्या टेस्ट डेटात 'टेस्ट युजर एक', 'टेस्ट युजर दोन' अशी नावं असतील. त्यांच्या शेजारी सहा नोंदी घाला: 'कमल', 'विमल', 'ज्ञानेश्वर', दोन्ही पद्धतींनी लिहिलेले 'कऱ्हाडे', आणि 'ॲना' नावापुढे एक इमोजी. वय देवनागरी अंकात. मग फॉर्म भरा, जतन करा, शोधा, यादी छापा, सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये उघडा. या फेरीत जिथे काही बिघडेल, तिथे आजच्या पाचपैकी एक प्रश्न बसलेला असेल.

मग मीटिंगमध्ये "इंग्रजीत टाकायला सांग" असं कोणी म्हणालं तर तुमच्याकडे बोलायला काहीतरी ठोस असेल. कुठल्या पायरीवर अडलं, किती वेळाचं काम आहे, आणि केलं नाही तर कोणाचं नाव यादीतून हरवेल, हे सांगता येईल. बहुतेक वेळा काम एका दुपारचं निघतं.

तुमच्या प्रोग्राममध्ये याहून वेगळं काही अडलं असेल तर पाठवा. पाठवताना स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून पाठवा. का ते आता तुम्हाला माहीत आहे: स्क्रीनशॉटमध्ये फक्त चित्र येतं, आकडे येत नाहीत.

भेटू पुढच्या भागात.